आई बसली की वाजणारं चाक

बाबांच्या गाडीला एक खोड होती. मी एकटी असले की ती मुकाट चालायची आणि आई शेजारी बसली की वाजायची. आज सांगते तेव्हा लोक हसतात. तेव्हा मला हसू येत नव्हतं, डोकं फिरायची पाळी आलेली.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी ठाण्याला कोपरीत राहते, आई मोहन्याच्या जुन्या घरात एकटी. गाडी बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, ती माझ्याकडे आली आणि तिला काम एकच उरलं. दर शनिवारी मोहन्याला जायचं, आईला घ्यायचं आणि खडवलीला मावशीकडे न्यायचं. मावशी आईपेक्षा मोठी, अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अधू. आई शेजारी बसली की ती जरा पोटभर जेवते, असं तिची सून सांगायची. आईच्या गुडघ्यांना स्टेशनचा जिना झेपत नाही आणि एवढ्या लांब रिक्षाने गेलं की ती दोन दिवस झोपून असते. म्हणजे गाडी आहे तोवर या दोघी बहिणींची भेट. गाडी गेली की संपलं.

आणि गाडी वाजायला लागलेली.

कोपरी ते मोहने चिडीचूप. आई बसली, आंबिवली मागे पडली की मागच्या चाकांतून सुरू. आधी बारीक कुंईकुंई, मग घस्स घस्स, आणि खडवली येईपर्यंत काहीतरी करपल्याचा वास. गाडी ओढतही नसायची, पण जुनी गाडी म्हटल्यावर मी ते मनावर घेतलं नाही. आईला मोहन्याला सोडून घरी निघाले की पुन्हा सगळं शांत.

कोपरीतला आमचा गॅरेजवाला म्हणाला, "ताई, ब्रेकचे पॅड गेले असणार." पॅड बदलले. शनिवारी कुंईकुंई. "मग बेअरिंग." बेअरिंग बदललं. शनिवारी घस्स घस्स. तिसऱ्या खेपेला तो स्वतः चक्कर मारून आला आणि चावी माझ्या हातात ठेवत म्हणाला, "एकदम मख्खन आहे, ताई. तुमचा वहम आहे."

"वहमाला वास येतो का रे?" मी विचारलं. तो डोकं खाजवत राहिला. खरं तर मीही.

नवऱ्याचं म्हणणं, बाजूला वजन आलं की टायर कुठेतरी घासत असेल. आईचं वजन ते काय. तरी मी तांदळाची गोणी शेजारच्या सीटवर ठेवली, तिला बेल्ट लावला आणि तीन हात नाक्यापर्यंत जाऊन आले. सिग्नलला एक बाई खिडकीतून गोणीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

यात आईची भर वेगळीच. "यांच्या वेळी नव्हता हो असा आवाज," ती दर शनिवारी, साधारण त्याच वळणावर म्हणायची. मांडीवर मावशीसाठी घेतलेली पिशवी, डावा हात पिशवीवर, उजवा पदराखाली सीटच्या कडेला. मी दातओठ खात गाडी चालवायची. म्हणजे दोष गाडीचा नाही, माझ्या चालवण्याचा, असंच ना? इतकी वर्षं ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवतेय, आजवर कुणाला साधा धक्का लागला नाही. राग यायचा आणि शंकाही यायची, की खरंच मीच काही चुकतेय का.

शेवटी नवरा म्हणाला, "ब्रेकशी खेळ नको, विकून टाकू. एक माणूस रविवारी गाडी बघायला येतोय." चुकीचं काही बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच चिडायला झालं. आईला फोनवर सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. शनिवारी गेले तर नेहमीच्या पिशवीच्या जागी मोठी पिशवी भरलेली. दोन मऊ नेसायची लुगडी, मेतकूट, गोडं तेल, मावशीला लागतं ते सगळंच. "परत कधी जमतंय," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी घस्स घस्स फार वाढलं. वाटेत रुळांवरचा पूल लागतो, त्याच्या अलीकडे आरशात बघितलं तर मागून चक्क धूर. गाडी कडेला घेतली. उतरून चाकापाशी हात नेला तर झळ लागली. पलीकडे गेले, तिकडेही तेच. दोन्ही मागची चाकं सारखीच तापलेली. दोन बेअरिंगं एकाच वेळी कशी जातील? काही म्हणजे काही कळेना. चाकांवर पाणी मारावं म्हणून आईच्या बाजूचं दार उघडलं आणि तिच्या पिशवीतली बाटली ओढली. तिच्यासोबत पदर सरकला.

आईचा उजवा हात हँडब्रेकवर होता. दांडा अर्धा वर आलेला, आणि तिची बोटं त्याच्याभोवती घट्ट.

"आई, हे काय?"

"हँडब्रेक," ती म्हणाली. जणू मीच विचित्र काहीतरी विचारलंय.

"तो माहीत आहे मला. तू का धरलायस?"

"चढावर लागतो ना. हे 'हं' म्हणायचे, की मी ओढायचे. परत 'हं' म्हणाले की सोडायचे. तू काही म्हणतच नाहीस. चढ कुठे सुरू होतो ते मला आता नीट दिसत नाही. म्हणून मग धरूनच बसते."

मी बाटली हातात घेऊन रस्त्याच्या कडेला तशीच उभी. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. साखरेमुळे शेवटी शेवटी बाबांचा उजवा पाय बधिर व्हायचा. ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरवर टाकायला वेळ लागायचा. एकदा चढावर गाडी मागे घसरली आणि मागच्या रिक्षाला टेकली. तेव्हापासून चढ आला की हँडब्रेक आईचा. दोघं मिळून एक गाडी चालवत होते.

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चावी काढून घेतली असती."

घेतलीच असती. "अगं, मागे माझी मुलगी बसायची तेव्हा."

"म्हणून तर घट्ट धरायचे," आई म्हणाली.

मला प्रचंड राग आलेला, पण काढायचा कुणावर? एक गेलेला, दुसरी पिशवी कवटाळून बसलेली. तेवढ्यात स्टिअरिंगमागची टिकली दिसली. आईची मोठी, मरून टिकली, मीटरच्या बाजूला चिकटवलेली. तिच्याखालचा लाल दिवा वायर बिघडल्यामुळे उगाच लागतो, म्हणून झाकलाय, असं बाबांनी आम्हाला सांगितलेलं. मी हात लांबवून टिकली काढली. दिवा लागलेला होता. दांडा खाली केला, दिवा विझला. वर केला, लागला. वायर ठणठणीत होती.

चाकं निवेपर्यंत नवऱ्याला फोन केला. "उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

"आवाज सापडला? काय होतं?"

मी आईकडे बघितलं. तिने अगदी थोडी मान हलवली. नको.

"वायर," मी म्हणाले. वायरमुळे चाक कसं वाजेल, हे त्याने विचारायच्या आत फोन ठेवला. टिकली परत होती तिथे लावली.

निघालो. दोन्ही हात पिशवीवर ठेव असं बजावलेलं, तसे तिने ठेवलेले. पुलावर चढलो आणि नेमकी चढावर रांग थांबली. पुढे टेम्पो, मागे रिक्षा अगदी चिकटून. माझा पाय ब्रेकवर पक्का होता, मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. आई समोर बघत होती. पिशवीच्या बंदावरची तिची बोटं चाळवली, थांबली, परत चाळवली.

मी म्हटलं, "हं."

हात आलाच. कर्रर्र करत दांडा पार वरपर्यंत. मी पाय ब्रेकवरून काढून घेतला. गाडी जागची हलली नाही. रांग सरकली तेव्हा मी पुन्हा "हं" म्हणाले, आणि खडवलीपर्यंत मागून काहीच वाजलं नाही.