हात दाखवून पुढे!

एका मोटरसायकलवाल्याला दुसरा भेटला की पाच मिनिटं पेट्रोलवर जातात आणि पुढचे तीन तास ‘त्या दिवशी मी त्या ट्रकले मागं टाकलं ना...’ यावर! आम्ही तर तिघं होतो. मग विचारूच नका. किस्से कोणी गोळा करत नव्हतं, तेच साचत गेले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणायचे आणि गडचिरोली त्यातला एक तालुका होता. रस्ते कच्चे, जंगल पक्कं! मी मलेरिया इन्स्पेक्टर, देशकर जंगलखात्यात रेंजर आणि पिंपळशेंडे ढोरांचा डॉक्टर. तिघांकडेही लष्करानं मोडीत काढलेल्या मोटरसायकली होत्या. आरसा एकालाही नव्हता. महिन्यातून एकदा मूल गावच्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही जमायचो आणि कोणी कोणाला कसं ओलांडलं, याचा हिशोब मांडायचो.

*

गाडी चालवायला मला देशकरनं शिकवलं. ‘मागं पाह्य, भोंगा दे, हात दाखव, परत मागं पाह्य, मंगच पुढं जाय!’ हा त्याचा मंत्र. इतका सावध माणूस मी पाहिला नाही. पण तो जन्मतः तसा नव्हता.

आलापल्लीच्या रस्त्यावर एकदा तो लाकडाच्या ट्रकमागे अडकला. ट्रकच्या धुळीत समोरचं काही दिसेना. पंधरा मिनिटं धूळ खाल्ली आणि साहेबांचं डोकं फिरलं. ना भोंगा, ना हात. गाडी काढली उजवीकडून आणि ॲक्सिलरेटर पिळला!

समोरून बांबूंनी भरलेली बैलांची बंडी येत होती. बांबू बैलांच्याही पुढे दोन-दोन हात निघालेले. देशकर टाकीवर पालथा पडला म्हणून वाचला. बांबू डोक्यावरून गेले. पुढे जाऊन त्यानं गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिला. डोक्याला हात लावला तर टोपी गायब.

दुसऱ्या दिवशी बंडीवाला रेंज ऑफिसात हजर. हातात साहेबांची खाकी टोपी, मधोमध भोक पडलेली. क्लार्कनं विचारलं, “काय काम आहे?”

“बांबूले टोपी लटकली होती. आणून देली,” तो म्हणाला. “डोस्कं कालपासून शोधून राह्यलो. सापडलं नाई!”

आतल्या खोलीत देशकर बसला होता. तो बाहेर आला, बंडीवाल्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, “डोस्कं हाये भाऊ. अक्कल नव्हती.”

*

आता देशकरच्या मंत्रात एक गोची होती. हात दाखवायचा तो उजवा, आणि ॲक्सिलरेटरही उजव्याच हातात! म्हणजे मी ओलांडायला निघालो, हात सोडून बाहेर काढला की गाडी मरगळायची. परत हँडल धरून वेग घ्यावा, बंडीजवळ पोहोचावं, हात काढावा, की गाडी पुन्हा मागे!

सुरुवातीच्या दिवसांत सावली गावाच्या अलीकडे एका बंडीमागे माझं हे असं पाच वेळा झालं. शेवटी बंडीवाल्यानंच बैल थांबवले, खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन हात जोडले.

“साहेब, मघापासून तुम्ही हात दाखवून राह्यले. मले काई ओळख लागून नाई राह्यली. कोन्या गावचे तुम्ही?”

*

हाताची ही भाषा पिंपळशेंडे डॉक्टरलाही महागात पडली. तेव्हा ट्रक ड्रायव्हर खिडकीतून हात काढून मागे-पुढे हलवायचा. त्याचा अर्थ, ‘समोर मोकळं आहे, या पुढे.’ आम्ही त्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवायचो.

पावसाळ्याचे दिवस. धानाची रोवणी झालेली, दोन्ही बाजूंनी बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पाण्यानं भरलेली. डॉक्टर लस घेऊन निघाला होता, मी माझ्या गाडीवर त्याच्या मागून. समोरच्या ट्रकमधून हात आला, छान हलला. डॉक्टरनं भोंगा दिला, मागे पाहिलं, हात दाखवला, सगळं अगदी शास्त्रशुद्ध! आणि ट्रकच्या बाजूला पोहोचतो तर समोर अख्खा रस्ताभर म्हशींचा कळप! डॉक्टर गाडीसकट बांधीत.

लसीची पेटी मात्र त्यानं डोक्यावर धरली होती. कमरेएवढ्या चिखलात पेटी धरून उभा राहिलेला तो माणूस मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. ड्रायव्हर धावत आला.

डॉक्टर ओरडला, “तुम्हीच तर हात दाखवला!”

“कुठी दाखवला? आत्ताच जेवलो, धुतलेला हात वाळवून राह्यलो होतो!”

*

माझ्यापुरता आरशाचा प्रश्न लालसूभाऊंनी सोडवला. ते आमच्या फवारणी पथकातले, एटापल्लीकडच्या जंगलातले. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. बोलणं मोजकं, पण नजर अशी की अर्ध्या मैलावरचं अस्वल माझ्याआधी त्यांना दिसायचं. ते मागे बसले की मी मान वळवायचं सोडून द्यायचो.

पहिल्याच दिवशी विचारलं, “लालसूभाऊ, मागं काई हाये का?”

“हाये.”

मी घाबरून गाडी कडेला घेतली. कोणी येईना. “काय हाये?”

“जंगल.”

म्हटलं, नीट समजावून सांगावं. “भाऊ, मोटार येत असली तर सांगायचं. जंगल नाई.” ते “बरं” म्हणाले. पुढे एक बंडी लागली. मी विचारलं, “आता?”

“काई नाई.”

मी हात दाखवला, बंडीच्या बाजूला आलो आणि कानामागे ट्रकचा भोंगा! कशीबशी गाडी आत घेतली. ट्रक गुडघ्याला वारा देऊन गेला. मी चिडून म्हणालो, “भाऊ, तुम्ही तर काई नाई म्हणाले!”

लालसूभाऊ शांतपणे म्हणाले, “तुम्ही इचारलं तवा नव्हता. मंग तुम्ही इचारलंच नाई.”

त्या दिवसापासून मी दर शंभर पावलांवर विचारू लागलो.

*

मार्कंड्याच्या जत्रेचे दिवस. वैनगंगेकडे जाणारा रस्ता बंड्यांनी भरलेला. मी रबरी भोंगा दाबत एकेकीला मागे टाकत होतो. भोंग्याचा आवाज असा की रेडा चिडल्यासारखा! एका बंडीचे बैल नवे होते. भोंगा ऐकला आणि सुटले चौखूर! बंडीत बाया, लेकरं, भाकरीची गाठोडी. बंडी कुठे उलटली तर?

मी जीव खाऊन मागे लागलो. मैलभर पुढे बंडी उभी दिसली. सगळे धड होते. गाडीवान माझीच वाट पाहत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, “चुकलं भाऊ. माफ करा.”

“माफी कायची?” तो म्हणाला. “वाजवा अजून एक डाव. जत्रेले उशीर होऊन राह्यला!”

*

आणि आता डॉक्टरचा. हा किस्सा तो स्वतः कधीच सांगत नाही. वहिनी सांगतात. मी सांगू शकतो, कारण त्या दिवशी मागच्या सीटवर मी होतो.

चिमूरकडच्या एका गावात डॉक्टरला मुलगी पाहायला जायचं होतं. मुलगी शेजारच्या गावात शाळामास्तरीण. चार वाजताची वेळ ठरलेली. डॉक्टर असा उतावळा की आम्ही बारालाच निघालो. नवा सदरा, केसांना तेल. गावाच्या अलीकडे एक बंडी लागली, आत दोन बाया. डॉक्टरनं भोंगा दिला नाही, हात दाखवला नाही, मागेपुढे पाहिलं नाही. सूं करून बाजूनं काढली! मी वळून पाहिलं तर मागे नुसती धूळ आणि त्या धुळीत वर झालेली एक छत्री.

“बाया छत्री हलवून राह्यल्या,” मी म्हणालो.

“मोटरसायकल पाहून खूश झाल्या असतील,” डॉक्टर म्हणाला.

मुलीकडे पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. घरातल्यांची धावपळ उडाली. “पोरगी शाळेतून यायचीच हाये,” वडील म्हणाले. पाणी आलं, सुपारी आली. एवढ्यात अंगणात बंडी थांबली.

एक बाई खोकत खोकत मागच्या दारानं गेली. दुसरी सरळ समोरून आली. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेली, फक्त डोळे तेवढे काळेभोर. हातात छत्री. डॉक्टर उभा राहिला. का, ते त्यालाही कळलं नसावं.

तिनं आधी दाराबाहेरची गाडी पाहिली, मग त्याला.

“तुमच्या गाडीले भोंगा हाये का?”

“आहे.”

“वाजते?”

“वाजतो.”

“मंग वाजवला काऊन नाई?”

वडिलांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता उठावं आणि वाट धरावी. पण डॉक्टर खोटं बोलला नाही.

“घाई होती,” तो म्हणाला. “चुकलंच माझं.”

“घाई कायची?”

“इथी यायची.”

वडील हसले. ती हसली नाही. छत्री कोपऱ्यात ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, “वेळ चारची देली होती ना? आता दोन वाजले. बसा मंग चारपर्यंत. मी नाहून येतो.”

ती आत गेली. डॉक्टर खुर्चीवर बसला तो बसलाच. मी दोनदा म्हणालो, “चल, अंगणात पाय मोकळे करू.” उठला नाही. शेवटी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

“तू पाह्य,” तो म्हणाला. “माह्यानं पाहवत नाई!”