वहिनींना गोठवण्याबाबत निष्पक्ष मत

"तो संबंधित माणूस. त्याचं मत धरायचं नाही!" असं म्हणून ते उजवा हात असा झटकत की, समोरचा माणूस आणि त्याचं मत दोन्ही खिडकीबाहेर पडावीत.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही शेजारी असेल. आमचे हे सरकारी हिशेबतपासनीस. नागपूरहून बदली होऊन कलकत्त्यात आले आणि बागबाजारला आमच्या वरच्या मजल्यावर राहिले. ज्याचा कारभार तपासायचा त्याच्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही, हा कचेरीतला दंडक त्यांनी घरीही लावला होता. वांगी ताजी आहेत का, हे ते भाजीवाल्याला कधी विचारत नसत. शेजारच्या फुलवाल्याला विचारत. वांगी किडकी निघायची ती निघायचीच.

एकदा एस्प्लनेडच्या फुटपाथवर त्यांना जुनं अमेरिकन मासिक मिळालं. मेलेल्या माणसाला गोठवून ठेवायचं आणि पुढे औषध सापडलं की उठवायचं, असं त्यात छापलं होतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, हृदय तेव्हा अधू झालं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. झालं! यात तथ्य किती, याचं निष्पक्ष मत शोधायला स्वारी निघाली.

गोठवणारी कंपनी तर उघडच संबंधित. डॉक्टर "थोतांड" म्हणाले. पण त्यांना वहिनींना बरं करता आलं नव्हतं, म्हणून तेही संबंधित. मग बराकपूरकडचा एक शीतगृहवाला गाठला. तो म्हणाला, "दादा, आलू गार ठेवायचा. गोठला तर नंतर नुसता चिखल!" यावर यांचा शेरा, "त्याला नवा धंदा नको आहे."

वहिनी पडल्या पडल्या हसायच्या. "अहो, आधी मरू तरी द्या मला! आणि इथे रोज लोडशेडिंग. माझं सरबत व्हायचं!"

शेवटी ते माझ्याकडे आले. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो.

"प्रोफेसर, तुम्हाला बायको नाही. तुमच्याइतका निष्पक्ष माणूस या शहरात सापडायचा नाही."

मी सांगितलं, गोठवणं सोपं आहे. पण शरीरातल्या पाण्याचा बर्फ होताना पेशी फाटतात. सुट्या पेशी टिकवता येतात. अख्खा माणूस अजून कोणी उठवलेला नाही.

"पुढे जमेल?"

"जमणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण जमेल, असा पुरावाही नाही."

त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "ही गेली तर तुम्हाला कसं वाटेल?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. माझा जन्म कलकत्त्यातला. माझं मोडकंतोडकं मराठी न हसता ऐकून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मला त्या फार आवडायच्या.

"म्हणजे तुम्हीही संबंधितच निघालात," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. नीमतल्याच्या घाटावर हिशेबतपासनिसांनी कोणालाच काही विचारलं नाही. भटजी सांगतील ते मुकाट्याने करत होते. वहिनींना चितेवर ठेवल्यावर भटजी त्यांच्या अंगावरची शाल काढायला लागले, तेव्हा मात्र ते पुढे झाले. दोन्ही हातांनी त्यांनी ती शाल वहिनींच्या गळ्यापर्यंत वर ओढली.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिला थंडी अजिबात सोसत नाही."