दाजींची सोला हॅट

माणसाला छळण्यासाठी देवाने जेवढी साधनं निर्माण केली, त्यांत माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या सोला हॅटचा नंबर पहिला लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे. हॅट अस्सल होती. साहेब देश सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान पुण्याच्या जुन्या बाजारात आलं, त्यात ती दाजींना मिळाली. हॅटला माझी हरकत नव्हती, हरकत होती ती हॅटखालच्या बाकी मजकुराला. अंगात बंडी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि वर हा विलायती घुमट! "गळ्याखाली घरचं, गळ्यावर मनाचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. पिंपरीच्या बाजारात भाजीवाली हॅट बघून वांग्यांचा भाव चढवायची, चड्डीवर नजर गेली की उतरवायची, आणि या चढउतारात माझी शिफ्टची वेळ टळायची. देवळात वहाणा बाहेर, हॅट आत. रस्त्यात कुणी भेटलं की दोन बोटांनी हॅट उचलून "रामराम" घालायचे. एकदा तर म्हशीलासुद्धा घातला. "मालक मागं होता की रे," म्हणाले. आक्का जेरीस आली होती. "माझ्या लुगड्याला घरात खुंटी न्हाई, ह्यांच्या टोपीला दोन हायत," म्हणायची.

वडील गेल्यावर माझ्या लग्नाचं बोलणं करायला थोरलं माणूस म्हणजे दाजीच. चिखलीची मुलगी मला मनापासून आवडली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. "दाजी, आजचा दिवस हॅट नको," मी हातापाया पडलो. "ऊन बघ की किती हाय," म्हणत ते हॅट घालून निघालेच. कारखान्यांसाठी जमिनी जाणार, अशी त्या दिवसांत गावोगाव आवई होती. बांधावर सोला हॅट दिसताच बोंब उठली, "मोजणीवाला आला!" माझे होऊ घातलेले सासरे कुऱ्हाड घेऊन दारात उभे. "जिमीन द्यायची न्हाई आमाला. आन् असला मानूस संगं आननाऱ्याला पोरगीबी न्हाई!" दाजींनी शांतपणे हॅट उचलली. "रामराम, पाव्हणं. मोजणीवाला कधी अर्ध्या चड्डीत येतो व्हय?" सासऱ्यांची नजर हळूहळू खाली आली, दाजींच्या उघड्या गुडघ्यांवर थांबली, आणि ते जे हसत सुटले ते सुपारी फुटेपर्यंत हसतच होते. त्यानंतर "तुझं लग्न माझ्या चड्डीनं जमवलंय" हे मला इतक्यांदा ऐकावं लागलं की दुसरा कुणी असता तर गाव सोडून पळाला असता.

पुढे काही वर्षांनी खरे मोजणीवाले आले. सासऱ्यांनी निरोप धाडला, "दाजींना म्हनावं, ती सायबी टोपी घालून या. आपल्याबी बाजूनं कुनीतरी सायेब दिसू द्या." दाजी आले ते माझा लग्नातला कोट आणि शेजाऱ्याची फुलपँट घालून. पायांत बूटसुद्धा. इतकी वर्षं मी ज्यासाठी कटकट केली तसेच ते त्या दिवशी दिसत होते, आणि मला ते बघवेनात. त्यांनी हॅट उचलून नमस्कार केला, इंग्रजीचे दोन शब्द जुळवले. मोजणीवाला तरुण होता, बोडका. मान वर न करता म्हणाला, "पाय उचला, साखळीवर आलाय." दाजींनी पाय उचलला. सासरे बांधावर बसून बघत होते. संध्याकाळपर्यंत विहिरीसकट सगळं रान मोजून झालं.

परतताना मला दाजींची फार माया आली. कोटाची गुंडी काढत त्यांनी विचारलं, "आज तर समदं घातलं होतं रे. आणखी काय घालायला पायजे होतं?"