डॉक्टरअक्कांचा भरवसा

बाई दवाखान्यात आली की डॉक्टरअक्का आधी नाडी बघत नसत. "बच्चे स्कूल जाते हैं?" असं विचारत. खोकला असो की पोटदुखी, हा प्रश्न चुकायचा नाही. अक्का मूळच्या सांगलीच्या. इकडे उत्तरेत, विकास नगरात त्यांचा छोटा दवाखाना होता. आम्ही अलीगंजला शेजारी, त्यामुळे माझी बँक सुटल्यावर त्यांना स्कूटरवरून घरी नेणं माझ्याकडे असे.

वाटेत मागे बसून त्या बोलत राहत. "अरे, पोरं कमी असली की शिकवता येतात. शिकली की कमावतात. मग ती स्वतःच दोनावर थांबतात. कुणी सांगावंही लागत नाही."

रामदुलारी त्यांची लाडकी. कोपऱ्यावर सब्जीचा ठेला लावायची. पुष्पा आणि मनोज झाल्यावर सासूच्या शिव्या खात तिनं ऑपरेशन करून घेतलं होतं. मनोज बी.ए. झाला तेव्हा तिनं दवाखान्यात लाडू वाटले. अक्का त्या दिवशी स्कूटरवर गुणगुणत होत्या.

नोकरी मात्र लागली नाही. भरती निघायची, रद्द व्हायची. चार जागांना अख्खा जिल्हा लोटायचा. शेवटी मनोज जवळच जानकीपुरमला बांधकामावर लागला आणि परांचीवरून पडून गेला.

तेराव्यानंतर रामदुलारी दवाखान्यात आली. रडली नाही. "दीदी, आपकी बात मानी थी. एक ही बेटा था." अक्कांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

घरापाशी उतरताना अक्का म्हणाल्या, "मी तिला चुकीचं नव्हतं रे सांगितलं. पण पोरगा शिकल्यावर त्याला काम कुणी द्यायचं?"

पुढच्या वर्षी रामदुलारीची पुष्पा आली. पदरात दोन मुलगे, पुन्हा दिवस गेलेले. मी बाकावर बसलो होतो.

"तीसरा चाहिए तुझे?" अक्कांनी विचारलं.

"हाँ दीदी. अम्मा को देखती हूँ तो डर लगता है. दो में से एक को कुछ हो गया तो?"

यावर अक्का एरवी तासभर बोलल्या असत्या. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या.

थोड्याच दिवसांत दवाखाना बंद करून त्या सांगलीला भावाकडे निघाल्या. स्टेशनवर मी म्हणालो, "अक्का, इथं तुम्ही किती केलंत..."

त्यांनी खिडकीतून हातानंच मला थांबवलं. "पुष्पाच्या अंगात रक्त नाही. हे बाळंतपण तिला झेपायचं नाही. तिला दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखव."

गाडी हलली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.