गुंडाले हात लावता का?

हे लिहू की नको, यात दोन वर्षं गेली. मी मूळची अकोल्याची. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. अंगात येणं, उतारा, बाहेरचं लागणं असलं काही कुणी घरात काढलं की बाबा हातातलं काम ठेवून त्याला समजवायला बसायचे. पुढे मी मायक्रोबायोलॉजी शिकले. तेव्हा अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता… आज आहे का, तेही नक्की सांगता येत नाही. जे झालं ते सांगते.

मी पाण्याचे नमुने गोळा करते. गावोगावच्या विहिरी, बोअर, झरे. बाटलीत पाणी घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि संध्याकाळच्या आत अमरावतीला प्रयोगशाळेत पोचवायचं.

एप्रिलचे दिवस होते. चांदूर रेल्वेपासून पाऊण तासावर टेकड्यांमध्ये एक छोटं गाव आहे — नाव लिहीत नाही. गावाखालच्या नाल्यात एक झरा आहे, तिथले लोक त्याला झिरा म्हणतात. नळ आले, तरी पिण्याचं पाणी अजून त्याचंच. खडकातून बोटभर धार, खाली सिमेंटचा ओटा, आणि वर यायला पंधरा-सोळा दगडी पायऱ्या. दुसरी वाट नाही.

गावचे जलसुरक्षक रमेशभाऊ माझ्यासोबत आले होते, पण फोन आला म्हणून वरच पळसाखाली थांबले. साडेअकरा झाले असतील. बायका सकाळीच पाणी भरून जातात, त्यामुळे खाली कुणी नव्हतं. ओटा पार कोरडा होता. हे पक्कं आठवतं, कारण डबा मी त्यावरच टेकवला.

हात स्पिरिटने पुसले, निर्जंतुक बाटलीचं झाकण काढलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, गुंडाले जरा हात लावता का?"

वळून पाहिलं. पंचविशीची असेल. डोक्यावर चुंबळ, पुढ्यात ओट्यावर पितळी गुंड, म्हणजे हंडा, पाण्याने काठोकाठ भरलेला. सातवा-आठवा महिना असावा. भरला गुंड डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतोच, आमच्याकडे त्यासाठी कुणाला विनवावं लागत नाही. पण माझी बाटली उघडी होती, हात पुसलेले होते. गुंडाला हात लावला असता तर नमुना वाया गेला असता.

"दोन मिनिटं थांबा ताई," मी म्हटलं. "आत्ता मला शिवता नाही येत."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. थकलेल्या माणसासारखी.

"तुमीबी तेच म्हंता," एवढंच बोलली.

मी धारेखाली बाटली धरली. मागे सिमेंटवर पितळ घासल्याचा आवाज झाला, मग कण्हणं, मग पायऱ्यांवर पावलं. मी मोजत नव्हते, पण चार-पाच झाली असतील… आणि गुंड पडला. पायरीपायरीवर आपटत खाली आला. त्यात अजून एक आवाज होता, तो लिहवत नाही.

बाटली टाकून मी वळले. कुणी नव्हतं. बाई नाही, गुंड नाही, पायऱ्यांवर पाण्याचा थेंब नाही. फक्त ओट्यावर, माझ्या डब्याशेजारी, गुंडाच्या बुडाएवढी ओली चकती.

माझी हाक ऐकून रमेशभाऊ धावत खाली आले. त्यांना गुंडाचा आवाज आलाच नव्हता.

"पोटुशी बाई होती भाऊ, पायरीवरून पडली," मी म्हटलं.

"कोनी उतरलंच नाही मॅडम, मी वरतंच होतो. अन् गावात सध्या कोनी दोन जीवाची नाही. असती तं माह्या बायकोले मालूम असतं, ते आशा वर्कर हाय." मग त्यांचं लक्ष त्या चकतीकडे गेलं. त्यांनी घाईने माझा डबा उचलला. "चला. घरी चला अगोदर."

घरी त्यांच्या बायकोने लिंबूपाणी दिलं. त्यांची आई ओसरीत बाजेवर बसून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. रमेशभाऊंनी बायकोला सांगितलं ते सगळं तिने ऐकलं होतं.

"माय, तू नोको बोलू," रमेशभाऊ म्हणाले.

"बोलू दे मले." म्हातारीने जुडी खाली ठेवली. "वीस-बावीस वर्सं झाले असतीन. तिकडच्या मोहल्ल्यातल्या बायायले आमी सगळ्यायच्या मांगून पानी भरू देत होतो. त्या दिवशी तिच्या संगं कोनी नोतं. मले म्हने, मावशी, हात लावा. म्या म्हटलं, मले शिवता नाही येत. मंग तिनं एकटीनंच उचलला. पाचव्या पायरीवर पाय घसरला. दोघंबी गेले, तेबी अन् पोटातलंबी."

पोटुशी बाई पडली, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. मी तिला काय म्हणाले, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हातारीने माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता, सांभाराचा वास येत होता.

"बाई, खरं सांग. तिनं माह्यं नाव घेतलं काय?"

"नाही आजी."

"घ्याले पायजे होतं," ती म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

नमुना मी नंतर घेतला, रमेशभाऊंना शेजारी उभं करून. पाणी पिण्यायोग्य निघालं. एप्रिलचं ऊन, सकाळपासून रिकामं पोट, त्यातून झालेला भास… असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण ती चकती रमेशभाऊंनीही पाहिली होती. तिचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

आणि अजून एका गोष्टीचं नाही. पाणवठ्यावर आजोबांना काय काय ऐकावं लागलं, ते ऐकतच मी मोठी झाले. "हात रिकामा नाही" म्हणू शकले असते, "थोडं थांबा" एवढंच म्हणू शकले असते. तेच "शिवता नाही येत" माझ्या तोंडून इतकं सहज कसं आलं, ते मला आजही कळलेलं नाही.