पहिलं नाव मानाचं

रामहरीकडे पत्रिका छापली की लग्नात भांडण होत नाही, अशी तिसगावात ख्याती होती. अक्षरं कोणीही जुळवील, नावांची उतरंड लावायला रामहरीच लागे. कोणाचं नाव वर, कोणाला जाड ठसा, कुठल्या चुलत्याला नुसतं 'श्री.' यात त्याची तीस वर्षं गेली होती. नियम साधा होता. पहिलं नाव मानाचं. तो माणूस लग्नाला येत नाही, यावा अशी अपेक्षाही नसते. कामाची माणसं दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात.

त्याची मुलगी निकिता बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणाली. दोन वर्षांपूर्वी तिची आई सतरा दिवस पुण्याच्या सरकारी दवाखान्यात होती आणि बरी होऊन आपल्या पायांनी घरी आली होती. डॉक्टर दिवसातून चार मिनिटं दिसे. उरलेला वेळ तिथे कोण असतं, ते निकिताने पाहिलं होतं.

मोबाईलवर देशातल्या पहिल्या दहा कॉलेजांच्या याद्या होत्या आणि प्रत्येक यादीत पहिलं कॉलेज वेगळं होतं. म्हणून तिने आपली वही केली. एकेका कॉलेजातली एखादी मुलगी शोधायची, फोन लावायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : दिवसाला किती पेशंटना हात लागतो?

पुण्याच्या सरकारी कॉलेजातली पूजा हसली. "अगं, पहिल्या वर्षी हात थरथरतात. दुसऱ्या वर्षी थरथरायला वेळ नसतो."

तालुक्याच्या आमदारांना सगळे साहेब म्हणत; त्या साहेबांच्या कॉलेजातल्या मुलीने प्रश्न दोनदा विचारायला लावला. मग म्हणाली, "कॅन्टीन चांगलं हाय."

वहीत पुणं पहिलं आलं. साहेबांचं कॉलेज एकोणिसावं, आणि वहीत कॉलेजं एकोणीसच होती. सीईटीचे मार्क पुण्याला पुरतील, असं गेल्या वर्षीची यादी सांगत होती.

पसंतीक्रमाचा फॉर्म तिने दुकानातल्या कॉम्प्युटरवर भरला. ओटीपी अण्णांच्या, म्हणजे रामहरीच्या, मोबाईलवर येणार, म्हणून शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती दाखला आणायला पाथर्डीला गेली आणि दुकानात सहादेवमामा आले. मामा साहेबांच्या संपर्क कार्यालयात बसत. बसून काय करत, हे कोणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी स्क्रीनवरची यादी खालपर्यंत वाचली.

"दाजी, साहेबांचं कॉलेज पार तळाला?"

"पोरीनं लावलंय."

"अन् उद्या कुनी ह्याचा फोटू धाडला मंजे? रामहरीच्या दुकानातनं साहेबांचं नाव खाली गेलं, आसं म्हनत्याल."

हा धंद्याचा प्रश्न होता. रामहरीने साहेबांना वर घेतलं, पुणं दुसऱ्या ओळीत ठेवलं आणि ओटीपी टाकला.

निकिता आल्यावर त्यानेच सांगितलं. "तुझ्या पुन्याला धक्का लावला न्हाई. कामाच्या जागी हाय, दोन नंबरला."

"अण्णा, ही पत्रिका न्हाई."

"मग काय हाय?"

तिने सांगितलं. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की तीच आपली. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. फॉर्म आता उघडत नव्हता. रामहरीने ते दोनदा ऐकून घेतलं.

पुढचे नऊ दिवस बापलेक एकाच गोष्टीची वाट बघत होते, की पहिल्या पसंतीला निकिताची निवड होऊ नये. इतके मार्क असताना ते अवघड होतं.

यादी लागली. स्क्रीनवर 'अभिनंदन' आलं आणि मामा पेढे घेऊन आले. काही फिरवता येतं का, ते साहेबांकडे विचार, म्हणून रामहरीने त्यांना परत पाठवलं. मामा तासाभराने आले.

"साहेबांना लई आनंद झाला, दाजी. म्हनले, पोरीनं पुनं सोडून आपल्याला मान दिला."

निकिताने पेढा खाल्ला. रडू येईलसं वाटून ती मोरीत जाऊन उभी राहिली. आलं नाही. मग आलोच आहोत, म्हणून तिने भांडी घासली.

"औंदाचं वर्ष सोडायचं का?" रामहरीने दारातून विचारलं.

"न्हाई. जाते." ती ताट विसळत म्हणाली.

कॉलेजच्या दवाखान्यात शंभर खाटा होत्या आणि शंभर चादरींना एक सुरकुती नव्हती. शिकायला रबराची एक बाहुली होती. मुलींनी तिचं नाव मुक्ताबाई ठेवलं होतं. मुक्ताबाईचं सगळं कायम नॉर्मल असे. निकिता ते रोज नीट लिहून काढी. पूजाचे फोन येत; ती वाजू देई. कॅन्टीन खरंच चांगलं होतं.

फेब्रुवारीत तपासणी समिती यायची ठरली आणि खाटांवर माणसं हवीत, असं निघालं. सहादेवमामांनी तिसगावातून दोन टेम्पो भरून आणले. निकिताच्या वाट्याला अकरा ते वीस नंबरच्या खाटा आल्या. चौदा नंबरवर रामहरी होता, चादर गळ्यापर्यंत ओढलेला.

"तुमी?"

"साहेबांनी मानानं बोलावलंय."

"काय होतंय?"

"मला कावीळ दिलीय."

तिने बीपीचा पट्टा त्याच्या दंडाला बांधला, फुगा दाबला, हवा सोडली. एकशेऐंशी-एकशेदहा. पुस्तकात लिहिलंय तसं थोडं थांबून दुसऱ्या दंडावर मोजलं. तेवढंच.

"एकशेवीस-ऐंशी लिही," मॅडम मागून म्हणाल्या. "आज सगळ्यांचं तेच आहे." समिती सहा नंबरच्या खाटेपाशी आली होती.

"अण्णा, डोकं दुखतं?"

"दुखतं."

"कधीपासनं?"

रामहरीने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "लिस्ट लागली तवापासनं."

खरा माणूस होता, पहिलाच होता, आणि तिचा हात थरथरला नव्हता. तिने तक्त्यावर एकशेऐंशी-एकशेदहा लिहिलं आणि खाली आपली सही केली. या सहीला ओटीपी लागला नाही.