जोगळेकर सरांचा सतरा नंबर

चार माणसं रोज एकाच शेतात किडे मोजायला बसली, की किस्से साठणारच. आमच्याकडे तर किड्यांपेक्षा किस्से जास्त! सारं पुणं तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास लावत होतं, आणि आम्ही गहू संशोधन केंद्रावर भिंग घेऊन गव्हाच्या पानांवरचा मावा मोजत होतो. मावा म्हणजे रस शोषणारी बारीक हिरवी कीड. तिला दाद न देणारं एक वाण आमच्या जोगळेकर सरांनी काढलं होतं, सतरा नंबर. मार्चमध्ये सर रिटायर होणार. त्याआधी नवी वाणं तपासणाऱ्या कमिटीने ते पास केलं तर ठीक, नाहीतर सगळी मेहनत फायलीत.

*

पण पास व्हायला आधी कीड तर हवी! शेजारची वाणं किडीने भरली आणि सतरा नंबर स्वच्छ राहिला, तरच खरं. नेमका त्या वर्षी मावा येईना. सरांनी शेतकऱ्यांना फोन लावले. वाघोलीचे एक जण रडकुंडीला येऊन म्हणाले, "साहेब, गहू माव्यानं पार भरलाय हो!"

"वा! अभिनंदन!" सर ओरडले.

तिकडून फोन आपटला.

*

माफी मागून त्यांच्याकडची मावा लागलेली रोपं आणायला मलाच जावं लागलं. येताना सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले काका म्हणाले, "अहो, तुमच्या रोपांना कीड लागलीय."

"माहितीय. तीच आणायला वाघोलीला गेलो होतो!"

*

ती कीड सरांनी कोथरूडच्या घरी, गॅलरीतल्या कुंड्यांत वाढवली. आयटीतला मुलगा म्हणाला, "बाबा, स्प्रे आणू? दोन मिनिटांत साफ!" सर तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

जोगळेकर काकू शांतपणे म्हणाल्या, "किड्यांचं जेवण झालं असेल तर आपलीही पानं घेते."

*

कीड शेतात सोडली, झकास पसरली. कमिटी आली. बघतो तर काय, एकाही वाणावर किडा नाही! सगळी चकाचक! सर मटकन बांधावर बसले. मला तर रडूच यायला लागलं. अध्यक्षांनी वही मिटली.

एवढ्यात शेतावर काम करणारे नामदेवमामा हसत पुढे आले. "पाव्हणं येनार, आन् गव्हावर ही घान! म्हून काल समद्यास्नी औषिद मारलं."

"सगळ्यांना?" सर ताडकन उठले.

"सतरा नंबर सोडून. त्याच्यावर किडा न्हवताच, मंग औषिद कशापायी वाया घालवायचं?"

अध्यक्षांनी वही पुन्हा उघडली.